मिफायटिस: दुर्गंधीसाठीचा एक दुर्मीळ इंग्रजी शब्द कळून घ्यायचा कसा आणि वापरायचा कुठे

भाषांतराच्या कामात एकदा एका इंग्रजी गोष्टीतलं तळघर माझ्या वाट्याला आलं. कित्येक वर्षं बंद असलेल्या त्या तळघराचं दार उघडताच वर येणाऱ्या वासासाठी लेखकाने 'मिफिटिक' हे विशेषण वापरलं होतं. शब्दकोशात 'दुर्गंधीयुक्त' असं सापडलं. मी लिहून मोकळा झालो, 'तळघरातून उग्र वास आला.' मुद्रितं तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने लिहिलं: 'उग्र वास केवड्यालाही असतो. इथे कुणी मरणार आहे का?'

मला तो प्रश्न खोचक वाटला. नंतर लक्षात आलं की या शब्दाबद्दल विचारण्यासारखा मुख्य प्रश्न तोच आहे. इंग्रजीत घाण वासाला शब्दांची कमी नाही, पण 'मिफायटिस' म्हणजे नुसता वाईट वास नव्हे. तो खालून, जमिनीच्या पोटातून किंवा कोंडलेल्या जागेतून येतो, आणि त्यात माणसाच्या जिवाला काहीतरी धोका असतो. एवढं पक्कं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

आधी तोंडात बसवा

स्पेलिंग एम-ई-पी-एच-आय-टी-आय-एस. मधल्या 'पीएच'चा उच्चार 'फ'. नाम म्हणून उच्चार 'मि-फाय-टिस', आघात 'फाय'वर. विशेषण झालं की शेवट बदलतो आणि मधला स्वरही आखडतो: 'मि-फि-टिक', आघात 'फि'वर. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सगळी अक्षरं सारख्याच वजनाने म्हणतो आणि 'मेफिटिस' असं सपाट उच्चारतो. समोरच्याला कळेल, पण ऐकायला परकं वाटेल.

एक सापळा इथेच आहे. 'आर्थ्रायटिस', 'ब्राँकायटिस' कानावर असल्यामुळे 'मिफायटिस' हाही कसल्यातरी सुजेचा आजार वाटतो. 'त्यांना मिफायटिस झालाय' असं वाक्य कुणी गंभीर चेहऱ्याने म्हटलं तर सगळे सहानुभूतीने माना हलवतील, इतका तो आजारासारखा ऐकू येतो. पण आजारांच्या नावांतलं ते 'आयटिस' ग्रीकमधून आलेलं आहे आणि त्याचा अर्थ दाह. आपला शब्द लॅटिनमधून अख्खाच्या अख्खा उचललेला आहे. दोघांचं नातं फक्त कानापुरतं.

नाम एकवचनातच वापरा. अनेकवचन करायची वेळ आलीच तर वाक्य फिरवा आणि विशेषण घ्या.

मग शब्दाचं गाव बघून या

दुर्मीळ शब्द पाठ करून लक्षात राहत नाही. त्याचं गाव माहीत असलं की राहतो. आणि या शब्दाला खरोखरच गाव आहे.

दक्षिण इटलीत, कंपानिया प्रांताच्या डोंगराळ भागात, अव्हेलिनो जिल्ह्यातल्या रोक्का सान फेलिचे या खेड्याजवळ आन्सांतो नावाची दरी आहे. रोमन लोक तिला आम्प्सांक्तुस म्हणत. दरीच्या तळाशी राखाडी चिखलाचं एक डबकं सतत बुडबुडत असतं. पाणी उकळतंय असं वाटतं, पण त्याचा उष्णतेशी संबंध नाही, जमिनीतून वर येणाऱ्या वायूचे ते बुडबुडे आहेत. जवळपास कुठे ज्वालामुखी नाही, तरी या जागेतून दिवसाला सुमारे 2000 टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असं मोजमाप भूशास्त्रज्ञांनी केलेलं आहे. त्याच्याबरोबर थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. सडक्या अंड्यांचा वास म्हणतात तो याचाच. वारा पडला की वायू दरीत साचतो, आणि अशा वेळी तिथे उतरलेलं जनावर परत येत नाही. स्थानिक लोक या जागेला आजही 'मेफिते' म्हणतात.

इथे एका देवीचं ठाणं होतं. तिचं नाव मेफीतिस. रोमन सत्ता या डोंगरांत पोचण्याच्या आधीपासून तिथले हिर्पिनी लोक तिची पूजा करत. उत्खननात सापडलेल्या लाकडी मूर्ती अव्हेलिनोच्या संग्रहालयात आहेत. थोरल्या प्लिनी या रोमन लेखकाने नोंदवून ठेवलंय की मेफीतिसच्या देवळापाशी अशी एक जागा आहे, जिच्यात शिरणारे मरतात. रोमन कवी व्हर्जिलने 'इनीड' या महाकाव्याच्या सातव्या सर्गात 'मेफीतिस' हा शब्द एका पवित्र झऱ्यातून उसासणाऱ्या वाफेसाठी वापरलाय, आणि त्याच सर्गात पुढे आम्प्सांक्तुसच्या दरीला पाताळाचं तोंड केलंय. काही शतकांनंतर सर्व्हियस या टीकाकाराने त्या ओळीवर टीप दिली: मेफीतिस म्हणजे मुळात जमिनीची दुर्गंधी, गंधकाच्या पाण्यातून निघणारी. आजच्या शब्दकोशांनाही याहून नेमकी व्याख्या फारशी जमलेली नाही.

देवी घाणीची आणि तरीही पूजनीय, याचं आपल्याला नवल वाटायचं कारण नाही. जे भयंकर आहे त्याला शेंदूर लावून त्याच्याशी बोलणी करायची रीत आपल्याकडेही आहे. देवी आणि गंधकाचं पाणी ही जोडीसुद्धा ओळखीची आहे: तानसा नदीकाठी वज्रेश्वरी आहे, आणि आजूबाजूला अकलोली-गणेशपुरीची गरम कुंडं. फरक इतकाच की आपल्या कुंडांत लोक अंगदुखी घालवायला उतरतात आणि आम्प्सांक्तुसला कुणी उतरू नये हेच बरं.

या देवीची आणखी एक हकीकत सांगायचा मोह आवरत नाही. इसवी सन 69 मध्ये रोमन यादवीत क्रेमोना शहर लुटलं गेलं आणि चार दिवस जळत राहिलं. टॅसिटस हा इतिहासकार सांगतो की सगळं बेचिराख झालं, उरलं ते फक्त तटाबाहेरचं मेफीतिसचं देऊळ. जागेमुळे वाचलं म्हणा की देवीमुळे, असा पर्याय त्याने वाचकापुढे ठेवलाय.

आता शब्दाकडे परत येऊ. या दरीत वास येतो हायड्रोजन सल्फाइडचा, पण जीव घेण्यात मोठा वाटा कार्बन डायऑक्साइडचा, आणि त्याला वासच नाही. तो हवेच्या दीडपट जड असल्यामुळे खोलगट जागी तळ्यासारखा साचतो. म्हणजे घाण वास ही फक्त आरोळी, मारणारा तिच्यामागून मुकाट येतो. हायड्रोजन सल्फाइडही काही सज्जन नाही. अगदी थोडा असतो तेव्हा नाकाला लगेच कळतो, पण हवेच्या दहा लाख भागांत साधारण 100 भाग झाला की घ्राणेंद्रियच बधिर होतं. वास गेला असं वाटतं तेव्हा खरा धोका सुरू झालेला असतो. 'मिफायटिस'च्या अर्थात वास आणि विष असे एकमेकांत गुंतलेत ते या दरीमुळे.

तीन प्रश्न विचारा

इंग्रजीत लिहिताना हा शब्द वापरावासा वाटला, तर आधी स्वतःला विचारा: वास खालून, जमिनीच्या पोटातून येतोय का? हवा कोंडलेली आहे का? आणि बाईंचा प्रश्न, कुणाच्या जिवाला धोका आहे का? तिन्हींची उत्तरं होकारार्थी असतील तर शब्द चपखल बसेल. दोन असतील तर चालून जाईल. एकच असेल तर सोडून द्या.

पावसाळ्यात बुटांतून काढलेले मोजे: तिन्ही उत्तरं नाही. कपाटामागे मेलेला उंदीर: हवा कोंडलेली असेल, पण कुणी मरणार नाही, जे मरायचं ते आधीच मेलंय. इथे 'स्टेंच' पुरे. मासळीबाजार, सुकट, वाळत घातलेले बोंबील: इथे तर 'स्टेंच'सुद्धा म्हणू नका. कोकणातल्या माणसाला तो जेवणाचा वास आहे, आणि दुर्गंध कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याचं नाक ठरवतं.

साचलेला मैला असलेलं गटाराचं चेंबर, सेप्टिक टँक, बरीच वर्षं न वापरलेली आड-विहीर, सोडून दिलेली खाण: इथे शब्द अगदी घरचा आहे. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये शौचकूप उपसणारे कामगार खाली उतरताच कोसळत, आणि त्या प्रकाराला फ्रेंच वैद्य 'मेफिटिस्म' म्हणत. आल्ले या वैद्याने 1785 मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. आपल्याकडे हाताने मैला उपसायला बंदी घालणारा कायदा 2013 मध्ये झाला, तरी चेंबरमध्ये उतरून गुदमरलेल्या कामगारांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणजे शब्द जुना झाला, पण त्यातली वस्तू जुनी झालेली नाही.

एक सीमारेषेवरचं उदाहरण. लोकलने माहीमहून वांद्र्याकडे जाताना खाडी येते. ओहोटी असली की खिडकीतून जो वास शिरतो त्याची मुंबईकराला ओळख करून द्यायला नको, डोळे मिटलेले असले तरी गाडी कुठे आली ते कळतं. चिखलात, प्राणवायू नसलेल्या थरात सांडपाणी कुजतं आणि तिथून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. उगम चिखलातला, वायू आन्सांतोमधलाच. पण जागा उघडी, वारा मोकळा. जिवाला धोका नाही, फक्त नाकाला. मी असतो तर इथे नाम टाळून विशेषण घेतलं असतं, आणि तेही थोड्या अतिशयोक्तीच्या, थट्टेच्या सुरात. गंभीर बातमीत नाही.

उलट बाजूचं उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरात आहे. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणण्यासारखा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन मुद्दाम मिसळतात. काही खाणींत धोक्याची सूचना द्यायला असाच घाणेरडा वायू हवेच्या नळांतून सोडतात, आणि त्याला खाणकामगारांच्या इंग्रजीत 'स्टेंच गॅस' असंच नाव आहे. हा वास जीव वाचवायला आलेला आहे. त्याला मिफायटिस म्हणणं म्हणजे वॉचमनला चोर म्हणण्यासारखं आहे.

नामापेक्षा विशेषण हाताशी ठेवा

प्रत्यक्ष वाचनात नाम फार क्वचित भेटतं, विशेषण जरा जास्त. 'एअर', 'व्हेपर्स', 'फ्यूम्स', 'स्वॉम्प', 'सेलर' या शब्दांच्या आधी ते चांगलं बसतं. नेपल्सजवळ 'ग्रोत्ता देल काने', म्हणजे कुत्र्याची गुहा, नावाची एक जागा आहे. तिच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो. पूर्वी तिथले वाटाडे पैसे घेऊन प्रवाशांना खेळ दाखवत. उभ्या माणसाचं डोकं वायूच्या वर राही, त्याला काही होत नसे, पण जमिनीलगत नाक असलेलं कुत्रं बेशुद्ध पडे. मग त्याला ओढून बाहेर आणत. युरोपची सफर करणाऱ्या इंग्रजांच्या प्रवासवर्णनांत 'मिफिटिक' भेटतो तो अशा जागांपाशी.

लाक्षणिक अर्थानेही चालतो. एखाद्या कार्यालयातलं किंवा राजकीय पक्षातलं कुजलेलं, गुदमरवणारं वातावरण. पण एका लेखात एकदाच. दुसऱ्यांदा आला की वाचकाला शब्दकोश उघडून बसलेला लेखक दिसायला लागतो.

जुना मजकूर वाचताना इथे घसरू नका

भाषांतर करणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, कारण इथे शब्दकोश सरळ फसवतो.

अठराव्या शतकातल्या रसायनशास्त्राच्या इंग्रजीत 'मिफिटिक एअर' म्हणजे दुर्गंधीची हवा नव्हे. जी हवा श्वासाला आणि ज्योतीला चालत नाही, ती. 1772 मध्ये एडिंबरोत डॅनिएल रदरफर्ड या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने आपला लॅटिन प्रबंध सादर केला, त्याच्या शीर्षकातच 'स्थिर म्हणवल्या जाणाऱ्या किंवा मेफिटिक हवेविषयी' असे शब्द आहेत. 'स्थिर हवा' म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड. त्याचे गुरू जोसेफ ब्लॅक यांनी तिचा अभ्यास केला होता. रदरफर्डने बंद भांड्यातल्या हवेत उंदीर ठेवला, तो मेल्यावर मेणबत्ती आणि फॉस्फरस जाळले, मग क्षाराच्या द्रावणातून ती हवा नेऊन स्थिर हवा शोषून घेतली. तरीही बरीच हवा उरली, आणि त्या उरलेल्या हवेतही काही जगेना, काही जळेना. ती हवा म्हणजे नायट्रोजन. आपण श्वासात घेतो त्या हवेचा 78 टक्के भाग.

या दोन्ही वायूंना दुर्गंध नाही. त्यामुळे त्या काळातला शास्त्रीय मजकूर मराठीत आणताना 'दुर्गंधीयुक्त हवा' लिहिलंत तर वाक्य साफ खोटं ठरेल. तिथे 'श्वासाला न चालणारी हवा' किंवा 'जीवघेणी हवा' लिहा. मजकुराचं साल बघायची सवय लावून घ्या: 1750 ते 1800 च्या आसपासचं आणि विज्ञानाचं असेल तर वास विसरा, श्वास बघा.

प्राणिशास्त्रात मात्र उलट झालंय. तिथे विष गळून गेलं आणि वास तेवढा राहिला. उत्तर अमेरिकेत पट्टेवाला स्कंक नावाचा मांजराएवढा प्राणी असतो, शेपटीखालच्या ग्रंथींतून शत्रूवर भयंकर घाण फवारणारा. त्याचं शास्त्रीय नाव 'मेफिटिस मेफिटिस'. एकदा म्हणून नाव ठेवणाऱ्याचं समाधान झालं नसावं. पूर्वी स्कंकांना मुंगसासारख्या दिसणाऱ्या वीझलच्या कुळात धरत. 1990 च्या दशकात डीएनएच्या अभ्यासानंतर त्यांचं 'मेफिटिडी' हे वेगळं कूळ मानलं जाऊ लागलं. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींच्या अंगणात हा पाहुणा येतो, त्यांना विचारा. आपल्याकडे स्कंक नाही. आपल्या उदमांजराचा वास तर उलट आंबेमोहोर शिजताना येतो तशा भाताचा. त्यामुळे भाषांतरात स्कंकला 'स्कंक'च ठेवा, उदमांजरावर त्याचं पाप घालू नका.

भावकी ओळखून ठेवा

'स्टिंक' आणि 'स्टेंच' हे अस्सल इंग्रजी. गंमत अशी की जुन्या इंग्रजीत 'स्टेंक' हा शब्द नुसत्या वासाचा होता, फुलाचा वासही त्यात येई. हळूहळू त्याची घसरण झाली. आपल्या 'वास' या शब्दाचं तेच चाललंय. 'वास येतो' अजून दोन्ही बाजूंनी चालतं, पण 'वास मारतो' म्हटलं की नाकाला पदर आलाच.

'रीक' मुळात धुराशी नातं सांगतो, आणि आज अंगाला-कपड्यांना चिकटलेल्या वासाला चांगला बसतो. दारूचा, सिगारेटचा.

'मायाझ्मा' हा मिफायटिसचा सगळ्यांत जवळचा भाऊ, आणि गोंधळ होतो तो याच्याशीच. मूळ ग्रीक अर्थ विटाळ. कुजण्यातून निघणाऱ्या वाईट हवेनेच रोगराई पसरते अशी समजूत एकोणिसाव्या शतकापर्यंत युरोपात होती. 'मलेरिया' हा शब्द इटालियनमधल्या 'वाईट हवा' यावरूनच आलाय. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदी इतकी नासली की लंडनच्या संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगावे लागले. त्या वेळी लोक घाबरले होते ते मायाझ्माला. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला आणि मायाझ्माचं शास्त्र कायमचं निकालात निघालं, पण शब्द लाक्षणिक अर्थाने टिकला. फरक असा लक्षात ठेवा: मायाझ्मा पसरतो आणि आजारी पाडतो, मिफायटिस साचतो आणि गुदमरवतो.

'नॉइसम' दिसला की आपल्याला 'नॉइज' आठवतो आणि गोंगाट लिहिला जातो. त्याचा आवाजाशी काही संबंध नाही, तो 'अनॉय'चा नातलग आहे. त्रासदायक, विशेषतः नाकाला.

आणि 'फीटर'. हा दुर्मीळ असला तरी वैद्यकात रोजचा आहे. यकृत निकामी झालेल्या रुग्णाच्या श्वासाला येणाऱ्या विशिष्ट वासाला डॉक्टर 'फीटर हेपॅटिकस' म्हणतात. याचं विशेषण 'फेटिड', आणि ते तुमच्या मिसळणाच्या डब्याशेजारी ठेवलेलं आहे. हिंगाचं इंग्रजी नाव 'असाफेटिडा', त्यातलं 'फेटिडा' म्हणजे नाकाला झोंबणारी घाण. जर्मन लोक तर हिंगाला सैतानाची विष्ठा म्हणतात. आपण त्याला फोडणीत टाकून खमंग म्हणतो, आणि आपणच बरोबर आहोत. रस्त्यांच्या कडेला लावलेला जंगली बदाम फुलतो तेव्हा लोक गटार फुटलं की काय म्हणून बघायला येतात. त्याचं शास्त्रीय नाव 'स्टर्क्युलिया फेटिडा', पहिल्या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं शेण, दुसऱ्यात घाण. स्कंकसारखंच, एकदा म्हणून भागलं नाही.

वासावरून वस्तूचं बारसं करायची खोड फक्त लॅटिनला नाही. 1826 मध्ये सापडलेल्या ब्रोमिनचं नाव ग्रीकमधल्या घाण वासाच्या शब्दावरून आलं. आणि सर्व्हियसने ज्या पाण्याचा उल्लेख केला त्यातल्या पदार्थाला आपण 'गंधक' म्हणतो, म्हणजे गंधवाला. आपल्या पूर्वजांनी 'दुर्' लावायचं सौजन्याने टाळलं.

मराठीत आणायचा तर

मराठीची अडचण शब्द नसण्याची नाही, जास्त असण्याची आहे. पावसात न वाळलेल्या कपड्यांचा वास कुबट, जुन्या खोबऱ्याचा खवट, नासलेल्या वरणाचा आंबूस, जळलेल्या दुधाचा करपट. अत्तर जास्त झालं तर दर्प. तोंडावर एकदम आदळला तर भपकारा. प्रत्येक वासाची वस्तू ठरलेली. आणि सगळ्यांची आई 'घाण', जी मराठीत डोळ्यालाही दिसते आणि नाकालाही येते. 'घाण पडलीय' आणि 'घाण येतेय' यांत एकाच शब्दाने दोन इंद्रियांचं काम केलंय.

मिफिटिकसाठी यांतला एकच शब्द पुरत नाही, कारण यांतल्या एकातही मरण नाही. 'पूतिगंध' हा संस्कृत शब्द काही जण सुचवतात. त्यात कुजणं आहे, पण कोंडणं नाही, आणि वाचणारा अडखळतो. मी दोन शब्द जोडतो: एक कोंडण्याचा, एक घाणीचा. 'कोंडलेली घाण', 'गुदमरवणारा भपकारा', 'खालची साचलेली वाफ'. कोणता जोड घ्यायचा ते वाक्यातल्या जागेवरून ठरवा. विहीर असेल तर 'साचलेली', दार उघडलं असेल तर 'भपकारा', दलदल असेल तर 'वाफ'.

आणि खेड्यातल्या माणसाच्या तोंडचा संवाद असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. जुन्या आडात उतरू पाहणाऱ्या पोराला म्हातारा काय म्हणेल? 'उतरू नको रं, आत गॅस साचलाय.' मिफायटिसचं आजचं चालतं मराठी भाषांतर हेच आहे: गॅस. हा शब्दही मुळात सतराव्या शतकात फान हेलमाँट या फ्लेमिश वैद्याने घडवलेला, ग्रीक 'केऑस'वरून. त्यालाही अशाच अदृश्य, कोंडणाऱ्या हवेला नाव हवं होतं. त्या देवीचं नाव मागे पडलं आणि हेलमाँटचं नाव आडापर्यंत पोचलं.

थोडा सराव

इंग्रजी वाक्यांत कोणता शब्द घालाल ते मनाशी ठरवा, मग पुढचं वाचा.

वसतिगृहाच्या फ्रिजमध्ये महिनाभर विसरलेला डबा. 'स्टिंक'. मिफायटिस लिहायचाच असेल तर विनोदी लेखात.

पूर ओसरल्यावर तळमजल्यावरच्या बंद दुकानाचं शटर वर केलं. चिखल, कुजलेलं धान्य, हवा आत अडकलेली. इथे 'मिफिटिक' शोभतो, आणि मालक आत जाण्याआधी थोडा वेळ बाहेर थांबला असं पुढे लिहिलंत तर शब्दाचं वजन वाचकाला कळतं.

रुग्णाच्या श्वासाचा वास, डॉक्टरांच्या नोंदीत. 'फीटर'. मिफायटिस लिहिलंत तर वरिष्ठ बोलावून घेतील.

1790 च्या एका इंग्रजी पत्रात कोळशाच्या खाणीतल्या 'मिफिटिक एअर'मुळे दिवे विझले असं आहे. दुर्गंधी लिहू नका. खाणकामगार याला 'ब्लॅकडॅम्प' म्हणत, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचं मिश्रण, वास नाही. वासाचा हायड्रोजन सल्फाइड असला तर त्यांच्याकडे वेगळा शब्द होता, 'स्टिंकडॅम्प'. यातलं 'डॅम्प' म्हणजे ओल नव्हे, वाफ.

माझ्या त्या तळघराचं पुढे असं झालं. मी नवं वाक्य करून पाठवलं: 'दार उघडताच तळघरातली इतक्या वर्षांची कोंडलेली, जीवघेणी घाण भपकन वर आली.' बाईंनी 'कोंडलेली'खाली रेघ मारून शेजारी बरोबरची खूण केली आणि 'जीवघेणी' खोडला. समासात लिहिलं होतं: 'दोन पानांनी तो पायरीवर कोसळतो आहे. आधीच सांगू नका.'